डोणीतला मासा

पोदस्काला, ८ मार्च २००९

आल्बिन,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. फाडून टाकायच्या आधी निदान हे पान वाच. कारण साधं आहे: आईच्या वस्तू. तिला जाऊन दोन वर्षं झाली आणि माळ्यावर तुझा लांब दांड्याचा विळा, तुझे बर्फातले बूट आणि आजोबांचं चीजचं तांब्याचं भांडं अजून तसंच पडून आहे. भांडं कोणाचं यावरून आपण लहानपणी डोकी फोडली होती. आता तू घेऊन जा. मला एकट्याला चीज लागतं किती? तुमच्या त्रिएस्तेला या हिवाळ्यात वाऱ्याने म्हणे माणसं आडवी केली. बंदरावरच्या तुझ्या कॉफीच्या गोदामाचं छप्पर शाबूत आहे ना? नीवेसची तब्येत कशी आहे?

दुसरी एक गोष्ट आहे. मागच्या ऑक्टोबरात तादेया पेकेलच्या घळीत गेली होती. तादेया म्हणजे आमच्या मासेमारी मंडळाची माशांची डॉक्टर. तू इथे होतास तेव्हा ती नवी होती, चष्मेवाली, कायम ओल्या मोज्यांत. ती गेली होती पाण्यातले किडे मोजायला. त्या घळीत मासा नाही असं माझ्याच सहीच्या कागदावर लिहिलेलं आहे, कारण खालचा धबधबा बारा पुरुष उंच, मासा चढणार कुठून? तर तिला तिथे मासे दिसले. एखाददुसरा नव्हे, चांगले हातभर लांब. अंगावर ती राखाडी-हिरवी नागमोडी नक्षी आणि लाल ठिपका औषधालाही नाही. आपला संगमरवरी ट्राउट. तिने पाच माशांच्या पराचे तुकडे कापून तपासायला पाठवले. फेब्रुवारीत उत्तर आलं की हे बिस्त्राचे मासे आहेत.

बिस्त्राचे, आल्बिन. आपल्या कुरणाखालच्या ओढ्याचे. ते कूळ जगातून संपलं असं आम्ही अकरा वर्षं धरून चाललो होतो. तुला माहीतच आहे, मोठ्या नदीत शंभर वर्षांपूर्वी बाहेरून लाल ठिपक्यांचा ट्राउट आणून सोडला आणि आपला मासा त्याच्यात मिसळून बाटला. अस्सल राहिला तो फक्त डोंगरातल्या सात ओढ्यांत, धबधब्यांच्या वर. प्रत्येक ओढ्याचं कूळ निराळं. मंडळाचं सगळं काम त्या सातांवर उभं आहे: तिथली गाबोळी घ्यायची, बोटुकली वाढवायची आणि जिथे जिथे तो मासा पूर्वी होता तिथे तिथे त्याला परत न्यायचं. सातांतला एक गेला, तो आपल्याच दारातला.

म्हणून विचारतो. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या फेर्दोने तुला दुधाची किटली घेऊन बिस्त्राच्या काठावरून जाताना पाहिलं होतं. ऑक्टोबरात आम्ही ओढ्याची पाहणी केली तर लाल ठिपके निघाले. जानेवारीच्या सभेत फेर्दोने किटलीचं सांगितलं आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तुझ्याकडे पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या, तू परदेशी गळवाल्यांना वाट दाखवत होतास. त्यांना पटकन गळाला लागणारा मासा हवा, म्हणून तू आणून सोडलास, असं ठरलं. तू म्हणालास, "किटलीत पाणी होतं," आणि पुढे तोंड उघडलं नाहीस. तुला मंडळातून काढलं, जन्मभर गळ टाकायची बंदी घातली. खोल्या ओस पडल्या. ईस्टरच्या आत तू सासुरवाडीला, नीवेसच्या गावी निघून गेलास.

आता मला एवढंच कळव: ती किटली तू भरून वर नेत होतास की भरून तिथून बाहेर नेत होतास?

मी त्या सभेत तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं. त्या वेळी मलाही पुरतं काही माहीत नव्हतं. ते असो.

नोव्हेंबरात मी निवृत्त होतोय. मंडळ नव्या उबवणी केंद्राला माझं नाव देणार आहे. तुझ्या कानावर बाहेरून यायच्या आधी मीच सांगितलेलं बरं.

इझिडोर


पोदस्काला, २ मे २००९

आल्बिन,

उत्तर नाही. मीही दिलं नसतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर वर कुरणावर जाऊन आलो. खोपटाचं दार फुगलंय. झऱ्याच्या तोंडाशी दगडी डोणी आहे तशी आहे, पाणी तसंच काठोकाठ. तिच्याविषयी तुला एक सांगायचं राहिलं होतं.

आईचं वेड तुला माहीत आहे. डोणीत मासा नसेल तर ती त्या पाण्याला तोंड लावायची नाही, वासरांनाही लावू द्यायची नाही. "माशाशिवाय पाणी म्हणजे मेलेलं पाणी." डोणीत मासा असला की तो किडे-अळ्या खातो, पाण्यात कोणी काही कालवलं तर आधी तो उलटा होतो, आणि आपण वाचतो. तिच्या आईनेही ठेवला होता, आपल्या गावात कोणी ठेवला नव्हता? आपल्या लहानपणी तिथे बिस्त्राचाच मासा असायचा. बाबा ओंजळीतून वर आणायचे.

एक्याण्णव साली तो म्हातारा मासा मेला. आई माझ्या मागे लागली, "इझो, मासा आण. नदीचा रखवालदार म्हणवतोस आणि आईच्या डोणीत मासा नाही, लोक हसतात." तोवर बिस्त्राचा मासा पकडायला बंदी आली होती. ती बंदी माझ्याच हट्टाने आली होती. ओढ्यातला एक मासा जरी मी उचलला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून मी खाली मत्स्यशेतीवर गेलो आणि विकायला ठेवलेला लाल ठिपक्यांचा एक ट्राउट बादलीतून वर नेऊन डोणीत सोडला. बंदी पाळली म्हणून मनातून खूषही झालो.

पुढच्या उन्हाळ्यात मासा नाहीसा झाला. आई म्हणाली बगळ्याने नेला. मी दुसरा आणला. तो गेला तेव्हा म्हणालो रानमांजराने नेला. तिसरा, मग चौथा. पाच वर्षांत चार मासे. डोणीचं पाणी कुठे जातं, हे माझ्यासारख्या माणसाला कोणी शिकवायला नको होतं. गवतातून तीस पावलं, आणि मग बिस्त्रात. साध्या दिवसात तिथून मुंगीही वाहून जात नाही, पण ऑगस्टमधला वादळी पाऊस आला की डोणीचा काठ दिसेनासा होतो आणि गवतावरून गुडघाभर पाणी धावतं. असे चार ऑगस्ट गेले. मी दर वेळी बगळ्याला शिव्या घातल्या.

म्हणजे बिस्त्रात लाल ठिपके तू आणले नाहीस, मी आणले. हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा, तू गेल्यानंतर एक-दोन वर्षांनी, बाटलेले मासे मारून ओढा रिकामा करायचं ठरलं तेव्हा. तोवर तुझं बस्तान तिथे बसलं होतं, आई थकली होती. कोणाला सांगून काय उपयोग, असं वाटलं. चुकलंच माझं.

तांब्याचं भांडं घासून ठेवलं आहे.

इझो


पोदस्काला, २१ जून २००९

आल्बिन,

तुझं नाही, पण नीवेसचं पत्र आलं. पाच ओळींचं. ते तुला दाखवून पाठवलं की नाही माहीत नाही, म्हणून इथे उतरवतो:

"इझिडोर, तुमची पत्रं तो उभ्यानेच वाचतो आणि कपाटावर टाकतो. मग दोन दिवस घरात कोणाशी बोलत नाही. त्याचा त्रास मला होतो. सांगायचं असेल तर सगळं सांगा, हप्त्याहप्त्याने नको. नाहीतर भांडं तुमच्याकडेच राहू द्या."

तिला माझा नमस्कार सांग. तिच्यासारखं माणूस मंडळात असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझ्या लक्षात उशिरा आलं नाही. सभेच्या तीन महिने आधीच मला माहीत होतं.

डोणीतला चौथा मासा डाव्या डोळ्याने आंधळा होता. डोळा पांढरा, शिजलेल्या माशासारखा. आई त्याला "माझा काणा" म्हणायची, मक्याच्या पोलेंटाचे गोळे करून घालायची. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये तो नाहीसा झाला. ऑक्टोबरात आम्ही पाहणीला गेलो. पाठीवर विजेचं यंत्र घेऊन एव्गेन पुढे होता (तेव्हा तो नुकताच अध्यक्ष झाला होता आणि सगळं स्वतः करून दाखवायची हौस होती), मी मागून जाळीने गुंगलेले मासे उचलत होतो आणि तादेया काठावर बसून मापं घेत होती. मोठ्या खडकाखालच्या डोहात जाळी घातली आणि वर काढली, तर तो काणा.

मी त्याला लगेच ओळखलं. त्यानेही मला ओळखलं असेल, मीच तर त्याला बादलीतून नेला होता. एव्गेनची पाठ होती, तादेया पेन्सिलीला टोक करत होती. मी मासा जाळीतून काढला, दगडावर त्याचं डोकं आपटलं आणि कंबरेपर्यंतच्या रबरी बुटात सरकवला. तादेयाने विचारलं, "काही आहे का तिथे?" मी म्हणालो, "काही नाही, फांदी." पुढचे चार तास तो माझ्या मांडीला लागून होता. घरी येऊन मांजरीला घातला.

पण तोवर त्याने किंवा त्याच्या आधीच्यांनी करायचं ते करून ठेवलं होतं. खालच्या डोहात लाल ठिपक्यांची तीन बोटुकली सापडली. ती तादेयाने स्वतः पकडली, म्हणून ती लपवता आली नाहीत. लपवली असती, आल्बिन. मी स्वतःला ओळखतो.

सभेत तू "किटलीत पाणी होतं" म्हणून बाहेर निघून गेलास. त्यानंतर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. एव्गेन मला म्हणाला, "इझिडोर, तुझा भाऊ आहे. तू मतदानाला नसलास तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही." मला सुटायला दार उघडून दिलं होतं त्याने. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊ असला म्हणून काय झालं? नियम सगळ्यांना सारखा." आणि सगळ्यात आधी हात वर केला. फेर्दोने सुद्धा माझा हात बघून आपला केला.

सभा संपल्यावर लोक रांगेने येऊन माझ्याशी हस्तांदोलन करत होते. कोणीतरी स्लिवोव्का पाजली. त्या दिवसापासून माझं नाव झालं: इझिडोर, ज्याने सख्ख्या भावालाही सोडलं नाही. पुढच्या बारा वर्षांत मी कोणालाही दंड केला तरी कोणी भांडलं नाही. नव्या इमारतीच्या पाटीसाठी एव्गेनने जो मजकूर लिहिलाय त्यातही ते वाक्य आहे. मी वाचलं आणि मान डोलावली.

हे सगळं लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. आता नीवेसला सांग, उरलेलं काही नाही.

इझो


पोदस्काला, १३ सप्टेंबर २००९

आल्बिन,

या आठवड्यात आम्ही पेकेलमध्ये होतो. धबधब्याशेजारून दोर टाकून वर चढलो. मी एकसष्ट वर्षांचा, माझं वजन तुला माहीत आहे. आधी वर पोचलेल्या मंडळातल्या पोरींनी मला गवताच्या भाऱ्यासारखं ओढून घेतलं. दोन दिवसांत एकशेचाळीस मासे मोजले. सगळे अस्सल. मोठे आहेत, मध्यम आहेत, या वर्षीची बोटभर पिल्लं आहेत. कोणाच्याही मदतीशिवाय तिथे त्यांचा संसार चाललाय. तादेया पाण्यात उभी राहून रडली आणि चष्मा पुसायला कोरडं काही सापडेना म्हणून आणखी चिडली.

डिसेंबरात माद्या तयार झाल्या की गाबोळी काढायची, उबवणीत वाढवायची आणि पुढच्या वसंतात बोटुकली बिस्त्रात सोडायची, असं ठरलंय. बिस्त्रा रिकामीच आहे. दुसऱ्या कुळाचा मासा तिथे सोडायला तादेयाचं मन धजलं नव्हतं. मग दोन-तीन वर्षांनी खालच्या दोन उपनद्यांत, आधी बाटलेले मासे काढून. अख्ख्या जुन्या मुलखात. हे सगळं त्या एका किटलीतून.

किटलीचं मला कळलं. पेकेलमधल्या सगळ्यात मोठ्या माशाच्या खवल्यावरची वर्षं तादेयाने मोजली: चौदा. म्हणजे तो शहाण्णवला वीतभरच असणार, किटलीत मावेल एवढा. तू ऑगस्टमध्ये डोणी पाहिलीस. काण्याला पाहिलंस. त्याच्या अंगावरचे लाल ठिपके आणि पाण्याची वाट तुला लगेच दिसली असणार. माझ्यासारखा तू बगळ्यावर ढकलणारा नव्हतास. बिस्त्राचा डावा फाटा तेवढा धबधब्याच्या आड होता, ठिपकेवाले तोवर तिथे पोचले नव्हते. तिथून मासे काढून तू पेकेलला नेलेस. किती खेपा केल्यास? त्या धबधब्याशेजारून पाण्याने भरलेली किटली घेऊन वर कसा चढलास? मी दोराने चढलो तरी गुडघे फुटले.

आणि सभेत तू हे सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर विचारलं असतं, मासे बिस्त्रातून हलवायची गरज का पडली? मग डोणी निघाली असती, मग मी. का गप्प बसलास? माझ्यासाठी असेल तर ते मला नको होतं, असं लिहिणार होतो. पण खोटं आहे. त्या वेळी मला ते हवंच होतं.

मागच्या बुधवारी एव्गेनकडे गेलो होतो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. त्याच्या बायकोने बटाटा-चीजचा फ्रिका वाढला. त्याने पितळी पाटीचा नमुना काढून समोर ठेवला. म्हणाला, "अक्षर जरा मोठं हवं होतं का रे?" मी म्हणालो, "ठीक आहे." दोनदा घेऊन फ्रिका खाल्ला आणि घरी आलो. एकसष्ट वर्षांचा माणूस आणि अजून शेण खायची सवय जात नाही.

माझ्या निरोपाची सभा एकवीस नोव्हेंबरला आहे.

इझो


पोदस्काला, २२ नोव्हेंबर २००९

आल्बिन,

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी आलं. पोस्टवाली म्हणाली, "त्रिएस्तेचं आहे, बसून वाचा." या गावात पाकीट बंद असलं तरी सगळ्यांना सगळं कळतं, फक्त डोणीचं तेवढं बारा वर्षं कळलं नाही.

मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालंय. तरी तूच लिहिलेलं तुला परत लिहून दाखवतो, कारण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे:

"इझो, सहा खेपा केल्या. एका खेपेत किटली सांडली, ते मासे मेले. तू विचारतोस का गप्प बसलो. तुझ्यावर माया होती म्हणून नाही. डोणीतला मासा पाहिला तेव्हा मी आईला सांगितलं की इझोला बोलाव, मी त्याला दाखवतो त्याने काय केलंय. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'त्याला सांगू नकोस. कोणालाच सांगू नकोस. तुझं काय, तू कुठेही गेलास तरी जगशील. इझोला लाज सोसणार नाही, तो जीव देईल.' मी तिला शब्द दिला. सभेनंतर तिला वाटलं तू आपणहून बोलशील. ती वाट बघत होती. मरेपर्यंत बघत होती. ती गेल्यावर मी बोलू शकलो असतो. पण मग मलाही बघायचं होतं, तू तोंड उघडतोस का. भांडं माझंच आहे. आल्बिन."

म्हणजे तिला माहीत होतं. दर रविवारी मी तिच्यासमोर बसून तिच्या हातचं जोटाचं सूप प्यायचो, मंडळाच्या गोष्टी सांगायचो, कोणाला पकडलं, कोणाला दंड केला. ती म्हणायची, "आणि काय रे?" मला वाटायचं म्हातारीला अजून ऐकायचं आहे, म्हणून मी आणखी एक दंड सांगायचो. ती मला विचारत होती, आल्बिन. दहा वर्षं दर रविवारी विचारत होती.

आता सभेचं. हॉल भरलेला होता, बायका मागे ताटांत गोड स्ट्रुक्ली लावत होत्या. एव्गेनने भाषण केलं, भावाचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या. मला पुढे बोलावलं. मी कागद नेला होता, पण तो खिशातच ठेवला. म्हणालो, "बिस्त्रात लाल ठिपके माझ्या भावाने आणले नाहीत. मी आणले. आमच्या डोणीतून. पाहणीच्या दिवशी मला ते कळलं होतं आणि मी पुरावा बुटात लपवला."

एव्गेन हसत हसतच म्हणाला, "इझिडोर, बस जरा. तुला बरं वाटत नाहीये."

"मला बरं वाटतंय," म्हणालो आणि सगळं सांगितलं. काण्यापासून पेकेलपर्यंत. मध्ये कोणीतरी ओरडलं, "बारा वर्षांनी कशाला उकरतोस? मासे सापडले ना?" फेर्दो आता पंच्याऐंशीचा आहे, त्याला नीट ऐकू येत नाही. त्याने सुनेला विचारलं, सुनेने त्याच्या कानात ओरडून सांगितलं, आणि मग तो काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे मी किटली बघितली ती खरी का खोटी?"

"खरी होती, फेर्दो काका. तो मासे वाचवायला नेत होता."

"मग तू मला त्या दिवशी सांगायचंस ना, गाढवा! मी त्याला आयुष्यभर चोर म्हणालो. चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे एकमेकांना शांतीचा हात देतात, तो त्याच्या आईला दिला नाही मी." आणि तो खाली बसला आणि त्याला रडू आलं. पंच्याऐंशीचा माणूस सगळ्यांसमोर रडला, तेही माझ्यामुळे.

सगळ्यात वाईट तादेया. ती काही ओरडली नाही. पुढच्या रांगेतून म्हणाली, "अठ्ठ्याण्णवमध्ये ओढा रिकामा केला तेव्हा दोन हजार मासे मी माझ्या हाताने मारले. डाव्या फाट्यात तेव्हाही काही अस्सल होते, पण वेगळे काढायला वेळ नव्हता. तुम्ही दोन वर्षं आधी बोलला असता, तर फक्त ठिपकेवाले काढून भागलं असतं. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून मोजत होता, इझिडोर. आकडे तुम्ही सांगत होता, मी लिहीत होते." एवढं बोलून ती स्वयंपाकघराकडे निघून गेली. खरंच मी मोजत होतो.

मी एव्गेनला म्हणालो, "नियमाप्रमाणे मला काढा." तो म्हणाला, पुढच्या सभेत बघू. मी म्हणालो, "आल्बिनच्या वेळी पुढची सभा पाहिली नाही." कोणी हात वर करेना. मग फेर्दोने केला. मग मागून एकेक. माझा मी केला नाही, कारण त्यातही लोकांना मोठेपणा दिसला असता, आणि तो मला पुरे झाला. तेवीस हात होते. तुझ्यावरची बंदी त्याच बैठकीत रद्द झाली, त्याला मात्र सगळे हात वर होते. पितळी पाटी एव्गेनने पिशवीत घालून घरी नेली.

उबवणीत मला आता जाता येणार नाही. डिसेंबरात गाबोळी काढताना मी तिथे नसेन. तादेया तुला लिहिणार आहे. वसंतात बिस्त्रात पहिली बोटुकली कोणी सोडायची, ते तिने ठरवलंय. मला तिने विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नाही. तिच्या पत्राला उत्तर दे. माझ्या पत्रांना नाही दिलंस तरी चालेल. भांडं नीवेसच्या पत्त्यावर पाठवतोय.

आज सकाळी पाव आणायला दुकानात गेलो. चार बायका बोलत होत्या, मी आत गेल्यावर गप्प झाल्या. फेर्दोची सून काउंटरवर होती. तिने पाव दिला, पण नेहमीसारखं "अजून काय देऊ?" विचारलं नाही. रस्त्यावर दोघांनी नमस्कार केला नाही, एकाने केला. घरी आलो, पाव कापला, लोणी लावलं, दोन तुकडे खाल्ले. कॉफी केली.

आई चुकली, आल्बिन. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, तिला वाटलं होतं तसंही नाही. मी मेलो नाही. लाज सोसता येते. मला पहिल्या दिवसापासून सोसता आली असती, माझी होती ती. तुला उगाच बारा वर्षं सोसायला लावली.

इझो